रोबिया-बीबीचा रंगीत आरसा

रोबिया-बीबीच्या फाटकापासून निघालेली बायकांची रांग त्या सकाळी मशिदीच्या कोपऱ्याला वळसा घालून गेली होती. कालव्याच्या काठाला बर्फाची साय धरली होती, तरी एकीचाही पाय मागे सरत नव्हता. प्रत्येकीच्या छातीशी फडक्यात गुंडाळलेलं, तंदुरातून नुकतंच निघालेलं नान होतं. बीबीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही आणि गार नान न्यायचं नाही, हा बीबीचा नियम. नान पिशवीत कोंबायचं नाही, काखोटीला मारायचं नाही, जमिनीला तर त्याचा स्पर्शही होऊ द्यायचा नाही, हा नियम मात्र फरगाना खोऱ्यातल्या प्रत्येक आईचा. म्हणून बायका ते डाव्या हाताने, अंगरख्याच्या आत, छातीशी धरून उभ्या होत्या. उजवा हात डोक्यावरचा रुमाल सावरायला मोकळा.

आतून एक बाई डोळे पुसत बाहेर आली. तिचा खेकडा गेला होता, कर्करोगाला तिकडे असंच म्हणतात. भिंतीवरच्या पडद्यावर तिने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, छातीत लालभडक बसलेला, आणि बीबीने फुंकर घालून गुलाबपाणी शिंपडताच तो निळा पडून विरून गेला होता. रांगेतल्या बायकांनी तिला हात लावून घेतला.

"डॉक्टरांनी माझ्या नणंदेला कापली," ती सांगत होती, "आणि इथे टाचणीसुद्धा लागली नाही."

रांगेत मागे मुकर्रम उभी होती. ती शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची आणि तिची जीभ सगळ्या मोहल्ल्याला ठाऊक होती. एरवी ती या फाटकासमोरून जातानाही नाक मुरडायची. आज आली होती ती धाकट्या बहिणीपायी. नसीबा तिच्याशेजारी खाली मान घालून उभी होती, आणि फाटकाजवळ हातगाडीवर गरम नानांची चळत रचून नसीबाची सासू, सनोबर-खाला, गिऱ्हाइकं करत होती. बीबीचा आरसा आल्यापासून सनोबर-खालाचा तंदूर दुपारपर्यंत विझत नसे.

झालं होतं असं. शरद ऋतूत मोहल्ल्याच्या दवाखान्यापुढे एक मोठी गाडी येऊन उभी राहिली होती. गाडीच्या पोटात छातीचा फोटो काढायचं यंत्र. चाळिशी गाठलेल्या बायकांना नर्सने घरोघर जाऊन बोलावलं, तशी नसीबाही गेली. तिला काही होत नव्हतं. गाठ नाही, दुखणं नाही. फोटो काढला आणि ती विसरून गेली. मग शहरातल्या मोठ्या इस्पितळातून फोन आला, की उजव्या बाजूला काही बारीक कण दिसतायत, पुन्हा या, सुईने तिथला तुकडा काढून तपासायचा आहे.

सनोबर-खालाने तो फोन स्वतः घेतला होता आणि स्वतःच ठेवला होता.

"हाताला काही लागत नाही, दुखत नाही, मग आजार कसला?" असं तिने नसीबाला विचारलं, आणि उत्तर द्यायची नसीबाची प्राज्ञा नव्हती. नवरा रशियात बांधकामावर. घरात सासूचा शब्द शेवटचा. सासू काही दुष्ट नव्हती, हे मुकर्रमही कबूल करायची. सून तापाने फणफणली तेव्हा हीच बाई रात्रभर उशाशी बसलेली होती. पण तिची सख्खी बहीण हलीमा याच रोगाने गेली होती. हलीमाला तिचा आजार कुणी सांगितलाच नव्हता, तिकडे अशा रोग्याला सांगत नाहीत. छातीला जखम झाल्यावर तिला इस्पितळात नेलं, आणि महिन्याभरात तिचा जनाजा निघाला. तेव्हापासून सनोबर-खालाच्या मनात एकच गोष्ट घट्ट बसली होती. हलीमा चालत गेली, सुरी लागली आणि मेली.

"आपा, तू भांडू नकोस हं आत," नसीबा हळूच म्हणाली.

"मी कशाला भांडू? मी बघायला आलेय."

पुढे सरकता सरकता त्या हातगाडीशी पोचल्या, तेव्हा सनोबर-खालाने दोघींच्या हातात एकेक नान दिलं. मुकर्रमला घ्यायचं नव्हतं, पण नानाला नाही म्हणणार कोण? तिच्या डाव्या खांद्यावर तपासायच्या वह्यांची पिशवी होती, म्हणून तिने ते उजव्या बाजूला धरलं. वर तीळ आणि काळी कलौंजी पेरलेली होती, आणि त्या थंडीत त्याची ऊब बरी वाटत होती.

आतली खोली पडदे लावून अंधारी केलेली. भिंतीवर मोठा पडदा. बीबीचा जावई बोतिर हातात पिस्तुलासारखं काहीतरी घेऊन बसला होता, त्यावर जरीकामाची मखमली खोळ. बीबी अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. आधी ती बाईच्या हातातलं नान घेई, ओठांना नि कपाळाला लावून ताटात ठेवी. मग रजईसारखा जाड अंगरखा उतरवायला सांगे. मग बोतिर पिस्तूल रोखी, आणि पडद्यावर बाईचं रंगीबेरंगी चित्र उमटे.

"माझी सातव्या पिढीची आजी पाण्यात बघून रोग सांगायची," बीबी बोलत होती. तिचं बोलणं चालूच असे, नळ बिघडल्यासारखं. "तिचा आरसा पाण्याचा, माझा विजेचा. आत नजर तीच. दवाखान्यातली यंत्रं हाडं बघतात, माझा आरसा नशीब बघतो. त्यांच्या फोटोत नुसतं काळं-पांढरं, का ठाऊक आहे? त्यांच्या मनात उजेड नाही, मग रंग येणार कुठून?"

बायका मान डोलवत होत्या. मुकर्रम एकामागून एक चित्रं बघत होती. लाल डाग, डावीकडे. पुन्हा लाल डाग, डावीकडे. साऱ्या मोहल्ल्याचा खेकडा डाव्याच बाजूला कसा बसतो, असा प्रश्न तिच्या मनात आला, पण तेवढ्यात नसीबाची पाळी आली.

नसीबाच्याही डावीकडे लाल डाग होता. उजवी बाजू स्वच्छ हिरवी-निळी.

"डॉक्टर काय म्हणाले होते? उजवीकडे?" बीबी हसली. "ज्यांना डावं-उजवं कळत नाही, त्यांच्या हातात सुरी द्यायला निघाला होतात."

तिने पुटपुटत फुंकर घातली, बाटलीतून गुलाबपाण्याचा फवारा मारला. लाल डाग पिवळा झाला, हिरवा झाला, निळा झाला. दाराशी येऊन उभी राहिलेली सनोबर-खाला रुमालाआड रडायला लागली. आनंदाने. ते बघून मुकर्रमला तिचा राग येण्याऐवजी कीवच आली.

मग बीबीची नजर मुकर्रमवर गेली. मास्तरीणबाईंनीही बसावं, असा तिचा आग्रह. नाही म्हणणं म्हणजे भांडणच झालं असतं. मुकर्रमने नान दिलं, अंगरखा उतरवला आणि बसली.

पडद्यावर लाल डाग आला. उजवीकडे.

खोलीत कुजबुज झाली. बीबीही क्षणभर गप्प झाली, आणि बीबी गप्प होणं हा त्या खोलीतला खरा चमत्कार होता. मग ती सावरून म्हणाली, "उजवीकडचा खेकडा. फार विरळा. संशयी माणसाला होतो."

मुकर्रमने बरं म्हटलं, फवारा मारून घेतला आणि बाहेर पडली. पण घराकडे चालताना ती पुन्हा पुन्हा उजव्या बाजूला हात लावून बघत होती. आयुष्यभर पोरांना उष्णता नि प्रकाश शिकवणारी ही बाई, पण तीही घाबरली होती. रंगीत चित्रात स्वतःच्याच छातीवर लाल डाग बघणं ही गोष्ट साधी नसते. रांगेतल्या बायकांना हसणं सोपं होतं, असं तिला वाटून गेलं.

घरी येऊन ती कपडे बदलायला लागली. झग्याच्या उजव्या बाजूला, छातीवर, तीळ आणि कलौंजीचे दाणे चिकटलेले होते. अंगरखा पुढून उघडाच होता आणि नान तिने आतून, झग्याला टेकवून धरलं होतं. दाणे गोल चिकटले होते. पडद्यावरचा डागही गोल होता, नेमका तिथेच.

ती पलंगावर बसली आणि एकटीच हसली. आणि हसता हसता रडली, कारण स्वतःची भीती गेली तसं तिला दिसलं, की नसीबाच्या डावीकडच्या डागाला काही अर्थ नव्हता, आणि म्हणूनच उजवीकडच्या निळ्या रंगालाही काहीच अर्थ नव्हता. ते बारीक कण तिथे होते तसेच होते.

त्याच संध्याकाळी तिने नसीबाच्या नवऱ्याला, उलुगबेकला, फोन लावला. पिस्तुलासारखं यंत्र, पडद्यावर रंग, हे ऐकून तो म्हणाला, "अहो आपा, ते तर आमच्याकडे साइटवर असतं. भिंतीतून ऊब कुठून गळते ते त्याने बघतात. बोतिर माझ्याच कंपनीत होता की. त्याने काम सोडलं तेव्हाच एक यंत्र गायब झालं होतं, सगळ्यांच्या खोल्या तपासल्या होत्या."

मग नसीबाला इस्पितळात घेऊन जा, असं त्याने आईला सांगावं, असं मुकर्रम म्हणाली.

"आईला दुखवू नका आपा," तो म्हणाला. "ती म्हणेल तसं करा."

मुकर्रम सनोबर-खालाकडेही गेली. तंदुराशी बसून तिने ऊब, डाग, कलौंजी, सगळं समजावलं. खालाने सगळं ऐकून घेतलं, हात न थांबवता. कणकेचे गोळे तंदुराच्या भिंतीला थापत ती एवढंच म्हणाली, की मुकर्रमचं शिकणं मोठं आहे, पण हलीमाला शिकलेल्यांनीच नेलं होतं.

"आणि माझ्या नानाला तू रोग म्हणतेस? पोरी, नानाबद्दल असं बोलू नये."

इस्पितळातून पुन्हा फोन आला. पुन्हा ठेवला गेला. नसीबा विहिरीतून बोलल्यासारखं बोलायची, "आपा, मी बरी आहे ना? आरशात तर गेलं." प्रश्न विचारून ती बहिणीच्या तोंडाकडे बघायची. मुकर्रमला झोप लागेनाशी झाली. बहीण डोळ्यांदेखत हातची जात होती, आणि जाताना कुणाला काही दुखतही नव्हतं.

पुढच्या गुरुवारी रांगेतल्या बायकांनी पाहिलं, मुकर्रम तान्हं बाळ घेऊन आली होती. दुपट्यात गच्च गुंडाळलेलं, तोंडावर झालर ओढलेली. बाळाचे चाळीस दिवस व्हायचे होते, म्हणजे त्याचं तोंड परक्याने बघायचं नाही. दूरच्या नात्यातलं आहे, आईला बरं नाही, असं तिने सांगितलं. असल्या दिवसांत बाळाला बाहेर काढलं म्हणून म्हाताऱ्या चुकचुकल्या, पण त्यांनी तिला वाट दिली. बाळाच्या अंगावर रजई होती, आणि रजईच्या आत तिने एक गरम नान धरलेलं होतं, सनोबर-खालाच्याच गाडीवरचं. तिने नसीबालाही हट्टाने सोबत आणलं होतं.

खोलीत मुकर्रमने नान ताटात ठेवलं आणि दुपट्यावरची रजई काढली. झालरीला कुणी हात लावला नाही, लावणारही नव्हतं. बोतिरने पिस्तूल रोखलं. पडद्यावर गडद निळं गाठोडं आलं, आणि मधोमध लाल डाग.

बायकांनी तोंडाला रुमाल लावले.

बीबीने डोळे मिटले. "आईच्या दुधातून उतरलाय," ती म्हणाली. "अजून मूळ धरलं नाही. वेळेवर आणलंत." पुटपुटणं, फुंकर, फवारा. डाग निळा झाला. "घेऊन जा. शंभर वर्षं जगेल."

"खात्री आहे ना, बीबी?"

"आरसा खोटं बोलत नाही."

मुकर्रमने झालर बाजूला केली आणि दुपटं सोडलं. आत खरबूज होतं. वेताच्या शिंक्यात माळ्याला टांगून ठेवतात तसलं, हिवाळ्याचं, पिवळंधमक.

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"या खरबुजाला कर्करोग झाला होता," मुकर्रम म्हणाली, "आणि बीबींनी तो बरा केला. आता नीट ऐका, मी कुणाला हसायला आले नाही. हे यंत्र वरवरची ऊब बघतं. ऊब असेल तिथे लाल, गारवा असेल तिथे निळं. ऊब तुम्ही स्वतःच घेऊन येता, छातीशी धरून. मग गुलाबपाणी शिंपडलं, ओलं झालं, गार पडलं, निळं दिसलं. एवढीच करामत. आणि एक बघा. हे गाठोडं सगळंच्या सगळं गार होतं. जिवंत बाळ असतं तर अख्खं उबदार दिसलं असतं. यांना जिवंत नि निर्जीव यातला फरक कळला नाही, आणि तुम्ही यांना तुमच्या छातीच्या आतलं विचारता."

बोतिर पिस्तूल खोळीसकट मांडीखाली सरकवत होता. बीबी मात्र बीबीच. ती उठून उभी राहिली. तिने ताटातलं नान उचलून डोळ्यांना लावलं. तिने सुनावलं, मास्तरणीने अल्लाच्या देणगीचा अपमान केला, आरसा रुसला म्हणून फसला, आता ज्या बायका हिचं ऐकतील त्यांच्या घरचं नानच उठेल, दाणापाणी तुटेल. नान म्हटल्याबरोबर खोली फिरली. दोघी-तिघी मुकर्रमकडे रागाने बघायला लागल्या. तिला दिसत होतं, सगळं पुन्हा निसटत होतं.

तेव्हा दारातून सनोबर-खाला आत आली. तिने सगळं ऐकलं होतं. हातात तिच्या गाडीवरचं नान होतं. ते तिने आपल्या उजव्या छातीशी धरलं आणि ऊब मुरेपर्यंत तशीच उभी राहिली. मग तिने नान काळजीने नसीबाच्या हातात दिलं आणि बोतिरपुढे बसली.

"दाखव," ती म्हणाली.

"खाला, आज आता आरसा…"

"तुझ्या लग्नाची नानं मी भाजलीत, बोतिर. दाखव."

त्याने दाखवलं. लाल डाग, उजवीकडे. खालाने नान परत घेतलं, पोटाशी धरलं, पुन्हा बसली. लाल डाग पोटावर. ती बराच वेळ त्या डागाकडे बघत राहिली. तीस वर्षं तंदुराशी वाकलेली ती बाई. नान किती वेळ गरम राहतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. फक्त ते या पडद्याशी जोडून बघायचं तिला सुचलं नव्हतं, कारण तिला सुटका हवी होती, आणि सुटका इथे रंगीत मिळत होती.

"सूनबाई," ती म्हणाली, "अंगरखा घाल. शहरात जायचंय."

इस्पितळात सुईची तपासणी झाली. उत्तर आलं त्या दिवशी सनोबर-खाला डॉक्टरीणबाईंना, शोइरा त्यांचं नाव, बाजूला घेऊन विनवत होती, की काय असेल ते मला सांगा, पोरीला सांगू नका. नसीबा बाकावरून उठून मध्ये आली. आयुष्यात पहिल्यांदा ती सासूचं बोलणं तोडत होती.

"हलीमा-खालालाही नव्हतं सांगितलं. मला सांगा. आणि तो फोटो दाखवा."

डॉक्टरांनी दोन फोटो शेजारी लावले, शरदातला आणि आत्ताचा. दोन्ही करडे, मुके. मैद्यावर चिमूटभर मीठ पडावं तसे पांढरे कण.

"हा कर्करोग आहे," शोइराबाई म्हणाल्या. "हाताला लागायच्या आधी फोटोत सापडला, म्हणून बरा करण्याजोगा आहे. ऑपरेशन करावं लागेल." मग त्या थोड्या थांबल्या. "शरदात आला असतात तर थोडंसंच काढून भागलं असतं. आता पसरलेत कण. एका बाजूचं सगळंच काढावं लागेल."

सनोबर-खाला खाली बसली, फरशीवरच. मुकर्रमला वाटलं होतं, की सत्य बाहेर काढलं की आपल्याला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काहीच वाटलं नाही. नसीबा त्या करड्या फोटोकडे बघत होती. एवढंसं होतं ते. यात रंग नव्हता, फुंकर नव्हती, कुणी शंभर वर्षांचा वायदा करत नव्हतं. पण जे होतं ते दिसत होतं, आणि जिथे होतं तिथेच दिसत होतं.

ऑपरेशन झालं. नसीबा घरी आली, अशक्त, एका अंगाने सपाट, पण जिवंत. औषधं पुढे चालू राहिली. ती पूर्ण बरी होईल का, हे डॉक्टरांनी छातीठोकपणे सांगितलं नाही, आणि त्यामुळेच मुकर्रमचा त्यांच्यावर विश्वास बसला.

आणि बीबीचा आरसा बंद पडला का? कुठला पडतोय. भीती जिवंत आहे तोवर असल्या आरशांना गिऱ्हाईक कमी नाही. आठवड्याभरात पुन्हा रांग लागली. सनोबर-खालानेही पुन्हा फाटकाजवळ हातगाडी लावली, तेव्हा मुकर्रम चिडून तिला जाब विचारायला गेली. पण जवळ जाऊन ती थबकली. गाडीवर नानांशेजारी वेताच्या छोट्या परड्या रचलेल्या होत्या, आत स्वच्छ फडकं अंथरलेलं. खाला प्रत्येक बाईला नान परडीत घालून देत होती.

"छातीशी धरू नकोस, बाई. परडीतही नानाचा मान राहतो. जा, आता आत जाऊन बस त्या आरशापुढे, आणि डाग दिसतो का बघ. आणि काही दिसलं नाही म्हणून खूश होऊन घरी जाऊ नकोस. दवाखान्यापुढे गाडी यायचीय, तिथे जा. दुखत नसेल तर आधी जा. माझ्या सुनेला दुखत नव्हतं."

एक बाई परडी घेऊन आत गेली. थोड्या वेळाने बाहेर आली, गोंधळलेली. आरशात तिला काहीच दिसलं नव्हतं, नुसतं हिरवं. तिच्या मागची बाई हातातल्या परडीकडे बघत राहिली, आणि मग तिने सनोबर-खालाला विचारलं, की ती गाडी कधी येणार आहे.